अर्धा कोयता आणि पहिलं बाळंतपण: बीडच्या डोंगरपट्ट्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातलं आहे. गावाचं, दवाखान्यांचं, माणसांचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. त्या मुलीनं, तिच्या आजेसासूनं आणि उपकेंद्राच्या नर्सबाईंनी आपापली बाजू सांगितली, दवाखान्यातले कागद पाहायला मिळाले, त्यावरून हे लिहिलंय. एएनएम आणि जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमांच्या मुलींना शिकवताना मी ते वापरते. वर्गात पहिला प्रश्न हमखास येतो तो रक्तस्राव कसा थांबवला हा. तो भाग पुढं आहेच. पण माझ्या मते या बाळंतपणाचा अर्धाअधिक निकाल कळा सुरू होण्याच्या चार-पाच महिने आधी, उचलीच्या, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशेबात लागला होता आणि नर्सबाईंचा खरा कस तिथंच लागला.

## पार्श्वभूमी

दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. टोळी जमवून नेणारा मुकादम पावसाळ्यातच उचल वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला उचलही अर्धीच. हंगामात कामाला दांडी पडली तर खाडा कापला जातो; दिवसाला 500 ते 1,000 रुपये. आजारपण, पाळी, गरोदरपण, काहीही असो, खाडा तो खाडाच.

लग्नाचं वय खाली येण्यामागं हा हिशेबही आहे. आई-बाप तोडीला गेले की वयात आलेली पोरगी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा मुलीकडचा घोर. पोरगा जोडीनं गेला तर पूर्ण उचल मिळते, हे मुलाकडचं गणित. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 43.7 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शेजारच्या परभणीत हा आकडा 48 टक्के होता. राज्याची सरासरी 21.9 टक्के. त्याच पाहणीत महाराष्ट्रातली जवळपास 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत असल्याचं दिसलं. बाई बाळंतपणाला दवाखान्यात पोचते, हे त्या आकड्यावरून कळतं. पोचते तेव्हा तिच्या अंगात रक्त किती उरलेलं असतं, ते त्यावरून कळत नाही.

आपल्या प्रकरणातल्या मुलीचं लग्न दहावीच्या वर्षात झालं. आधार कार्डावर वय 19. लग्नाच्या खर्चात दोन्ही घरं कर्जात गेलेली. सासरी नवरा, धाकटा दीर, चाळिशीच्या आतबाहेरची सासू आणि आजेसासू. सासरे वारलेले. सासूची गर्भपिशवी काही वर्षांपूर्वी खासगी दवाखान्यात काढलेली, तेव्हापासून कंबर धरलेली. ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांवर 2019 साली बरीच ओरड झाली, राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, अशी शस्त्रक्रिया झालेल्यांतली ही एक बाई म्हणायची. सून घरात आली म्हणून त्या वर्षी पहिल्यांदा सासू गावात थांबणार होती.

आजेसासू ही वस्तीवरची जुनी सुईण. कधीकाळी सरकारी दाई प्रशिक्षण घेतलेली. ब्लेड, दोरा, साबण असलेली पेटी मिळालेली. 2005 नंतर दवाखान्यातल्या बाळंतपणावर भर आला, जननी सुरक्षा योजना आली, आशा आल्या आणि दाईला कुणी विचारेनासं झालं. तिनं बाळंतपणं करायचं सोडलं, पण वस्तीवरच्या गरोदर बाईचं पोट अजूनही आधी तिच्याच हाताखालून जायचं.

उपकेंद्राच्या नर्सबाई एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका. हे पद मुळात बाळंतपणासाठीचं. 1973 च्या कर्तारसिंग समितीनंतर एएनएमला बहुउद्देशीय करण्यात आलं, आणि तेव्हापासून लसीकरण, कुटुंब नियोजन, सर्वेक्षण, रजिस्टरं असं एकेक करत तिच्या गळ्यात येत गेलं. या बाईंनी 21 दिवसांचं कुशल प्रसूती सहायिकेचं प्रशिक्षण केलेलं होतं, पण उपकेंद्रात बाळंतपणं जवळजवळ बंद; ती 11 किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होतात.

## अडचण

तोडीला जाणाऱ्या बायकांची यादी करताना आशाताईंना ही मुलगी सापडली. तोवर पाचवा महिना सरत आला होता आणि नोंदणी झालेली नव्हती. घरच्यांनी लपवलं होतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात अल्पवयीन गरोदर मुलीला दवाखान्यात नेल्यावर पोलिसांत नोंद झाली होती. ती बातमी या वस्तीपर्यंत बऱ्याच तिखटमिठासकट पोचली होती.

तपासणीत वजन 41 किलो, हिमोग्लोबिन 9.2. अपेक्षित तारीख मार्चच्या पहिल्या आठवड्यातली, म्हणजे ऐन हंगामात. टोळी निघायला जेमतेम आठवडा उरलेला.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण माहेरच्या घराला नोव्हेंबर ते एप्रिल कुलूप. तिची आई सातारा जिल्ह्यातल्या एका फडात कोयता चालवणार होती. पहिलटकरणीला माहेरी न्यायचं ही आपल्याकडची जुनी सोय आहे: लेकीला विसावा, आईच्या हातचं खाणं, अडलं-नडलं सांगायला हक्काचं माणूस. हंगामानं ती सोय मोडली आणि तिच्या जागी दुसरं काही उभं राहिलं नाही.

नर्सबाई घरी गेल्या तेव्हा सासू म्हणाली, “बाई, उचल घेतलीय. लग्नातच खर्चून बसलोत. आता मागं कसं व्हावं, तुमीच सांगा.”

## समोरचे पर्याय

नर्सबाईंनी तीन पर्याय मांडले. त्यांच्या डायरीत ते कच्चे लिहिलेले होते, म्हणून इतके स्पष्ट सांगता येतात.

पहिला, मुलीनं जायचंच नाही. आरोग्याच्या बाजूनं हा सगळ्यांत बरा. पण मग नवरा अर्धा कोयता होतो आणि पूर्ण उचलीतली अर्धी रक्कम अंगावर बसते. ती पुढच्या हंगामात व्याजासकट वळती होते. नर्सबाईंनी हा पर्याय बोलून पाहिला. नवरा गप्प बसला, सासूनं वरचं उत्तर दिलं.

दुसरा, जायचं आणि तिकडंच बाळंत व्हायचं. बऱ्याच बायकांचं असंच होतं. कागदावर तिकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात तपासणी, बाळंतपण, औषधं, जेवण, गाडी सगळं फुकट. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं 2011 पासून ते दिलेलंच आहे. प्रत्यक्षात तिकडची आशा म्हणते, तुम्ही माझ्या यादीत नाही. टोळीचा तळ गावाबाहेर. तिथं कुणी येत नाही, आणि बाईला दवाखाना कुठं आहे हेही ठाऊक नसतं.

तिसरा, आता जायचं आणि संक्रांतीनंतर, आठव्या महिन्यात परत यायचं. यात अडीच महिने अंगमेहनत आणि परतायचं कसं याची काही खात्री नाही.

वर्गातल्या मुली इथं हिरिरीनं पहिल्या पर्यायाच्या बाजूनं बोलतात. बोलायला सोपं आहे. उचल फेडायला नर्सबाईंकडं पैसे नव्हते आणि तशी योजनाही नाही. त्यांनी तिसरा पर्याय धरला, पण तो घरात बोलून सोडून दिला नाही. त्या मुकादमाला जाऊन भेटल्या. हे त्यांच्या कामाच्या कुठल्याही यादीत नाही. मुकादम त्याच पंचक्रोशीतला, त्याच्या सुनेचं बाळंतपण याच बाईंनी निभावलं होतं. त्याच्याकडून त्यांनी दोन गोष्टी कबूल करून घेतल्या: मुलगी मोळ्या गाडीत चढवणार नाही, आणि संक्रांतीनंतर तिच्या जागी बदली माणूस आला तर कोयता पूर्ण धरला जाईल. त्याचा आणि नवऱ्याचा फोन नंबर, कारखान्याचं नाव आणि तळाचं गाव त्यांनी रजिस्टरच्या समासात लिहिलं. त्यासाठी रजिस्टरात रकाना नव्हता.

## तोडीवरचे अडीच महिने

मुकादमानं अर्धा शब्द पाळला. तिला मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवर चढावं लागलं नाही, पण पहाटे चारपासून वाढे (उसाचे शेंडे) वेचणं, मोळ्या बांधणं आणि तोडणं चाललंच. गाडी रात्री भरायची असेल तर स्वयंपाक रात्रीच. पाणी कालव्याचं. आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणीच कमी प्यायची. लघवीला जळजळ व्हायला लागली तेव्हा गावातल्या एका डॉक्टरनं सुई टोचून तीनशे रुपये घेतले.

लोहाच्या गोळ्या तिनं दोन आठवडे घेतल्या, मग सोडल्या. सकाळी चहा आणि शिळी भाकरी खाऊन गोळी घेतली की फडात मळमळायचं, आणि ओकारी झाली की हात थांबायचा. गोळ्यांची पाकिटं आणि माता-बाल संरक्षण कार्ड तिनं खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून कोपीच्या, म्हणजे तळावरच्या झोपडीच्या, पाचटात खोचून ठेवलं होतं. परत आली तेव्हा कार्ड कोरडं होतं आणि त्यातली तिकडच्या तपासण्यांची घरंही कोरीच होती.

आशाताई पंधरा दिवसांनी फोन करायच्या. नवरा उचलायचा आणि “बरंय” म्हणायचा. मुलीशी थेट बोलणं एकदाच झालं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, “लै दमायलंय ताई.” तेवढ्यावरून आशाताईंनी नर्सबाईंना सांगितलं आणि नर्सबाईंनी डिसेंबरअखेरीस मुकादमाला फोन करून संक्रांतीची आठवण दिली.

बदली माणूस कोण, हा प्रश्न उरला होता. दीर अकरावीत. शेवटी सासू निघाली. कंबर धरलेली, पिशवी काढलेली बाई कोयता घेऊन गेली, तेव्हा कुठं सून परतली. मुलीची या खेपेची मोकळीक दुसऱ्या बाईच्या पाठीवर लादली गेली, हे निष्पत्तीच्या रकान्यात कुठंच येत नाही, म्हणून इथं नोंदवते.

## परतल्यावर: दुसरा निर्णय

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात हिमोग्लोबिन 7.3 भरलं. वजन 43 किलो. पायावर थोडी सूज, रक्तदाब ठीक. साताच्या खाली गेलं की रक्त चढवायची वेळ. ती त्या काठावर होती. गोळ्यांनी भरून यायला वेळ उरला नव्हता. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ग्रामीण रुग्णालयात शिरेतून आयर्न सुक्रोज हे लोहाचं औषध द्यायचं ठरवलं: दर खेपेला 200 मिलिग्रॅम, एक दिवसाआड, पाच डोस. रुग्णालय 28 किलोमीटरवर.

पाच वेळा जायचं कुणाबरोबर? घरात आता फक्त आजेसासू आणि शाळकरी दीर. आणि आजेसासूचाच या सगळ्याला विरोध होता. तिचं म्हणणं, “सुया देऊन देऊन लेकरू मोठं करतेत, मंग अडतंय, मंग कापतेत.” पोटुशीनं बेतानं खावं, लेकरू लहान राहिलं की बाई सुखानं सुटते, हा तिच्या पिढीचा विचार. मागं सिझरची सोय नव्हती तेव्हा अडलेलं बाळंतपण म्हणजे मरण, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळं तो निव्वळ अडाणीपणा म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही.

नर्सबाईंनी वाद घातला नाही. त्या तिच्या ओट्यावर बसल्या आणि विचारलं, “मावशी, तुमच्या हातून एवढी बाळंतपणं झाली, त्यात बाई दगावली असं कधी झालं का?” म्हातारी बराच वेळ बोलली नाही. मग तिनं एका बाईचं सांगितलं. लेकरू सुखरूप आलं, वारही पडली आणि त्यानंतर रक्त थांबलंच नाही. बैलगाडी जुंपेस्तोवर सगळं आटोपलं. ती बाई अशीच पांढरीफटक होती, असं म्हातारी आपणहून म्हणाली. नर्सबाईंनी नातसुनेच्या डोळ्याची खालची पापणी ओढून तिला दाखवली. सुई कशासाठी, हे वेगळं समजावून सांगायची गरज उरली नाही.

पाचही खेपांना आजेसासू बरोबर गेली. दोन खेपांना आशाताईंनी दुसऱ्या गरोदर बायकांबरोबर गाडी जुळवली. एक खेप दर महिन्याच्या 9 तारखेला होणाऱ्या मातृत्व अभियानाच्या तपासणीला जोडून केली, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांनीही पाहिलं. एकदा मात्र गाडी आली नाही आणि दोघी एसटीनं गेल्या. फेब्रुवारीच्या मध्याला हिमोग्लोबिन 9 वर आलं.

बाळंतपण कुठं करायचं याचा आराखडा ठरला. रक्ताची सोय असलेलं उपजिल्हा रुग्णालय, तारखेच्या आठवडाभर आधी जाऊन राहायचं. आजेसासूला दोन गोष्टी पाठ करायला सांगितल्या. पाणमोट फुटली किंवा दहा मिनिटांत तीन कळा यायला लागल्या तर कुणाची वाट पाहायची नाही, निघायचं.

## कळा लागल्या त्या रात्री

आराखडा कागदावर राहिला. तारखेला अडीच आठवडे असतानाच रात्री अकराला कळा सुरू झाल्या. आजेसासूनं दिराला उठवून नर्सबाईंना फोन लावला. 102 ची गाडी दुसऱ्या फेरीवर होती. वस्तीवरच्या एकाचा दुधाचा पिकअप मिळाला. दीड वाजता त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचल्या. नर्सबाई उपकेंद्रावरून थेट तिथंच आल्या, रात्रपाळीच्या स्टाफ नर्सच्या मदतीला. तपासणीत पिशवीचं तोंड 7 सेंटिमीटर उघडलेलं, बाळाचे ठोके चांगले.

इथं खरा पेच. उपजिल्हा रुग्णालय तासाभराच्या घाटरस्त्यावर. पाठवावं तर वाटेत बाळंत होण्याची शक्यता, आणि हलत्या गाडीत रक्तस्राव झाला तर हाताशी काय? ठेवावं तर रक्तक्षय असलेली पहिलटकरीण, आणि केंद्रात रक्त नाही. वैद्यकीय अधिकारी क्वार्टरमधून आले. तिघांनी मिळून ठरवलं, इथंच करायचं, पण रक्तस्राव होणारच असं धरून. जाड सुईची सलाईन आधीच लावली. पिशवी आवळायला लावणारं ऑक्सिटोसिन भरून ठेवलं. 108 ला त्याच वेळी बोलावून दारात उभी करायला सांगितली. उपजिल्हा रुग्णालयात फोन करून रक्तगट कळवला. बाळंतपण होण्याच्या दोन तास आधीची ही तयारी पुढं उपयोगी पडली.

आजेसासूला त्यांनी प्रसूतिगृहात घेतलं. सोबतीण ठेवायला सरकारी परवानगी आहे, पण पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच राहते. म्हातारी आत आल्या आल्या म्हणाली, “उताणी कशाला निजवलीय? तिला उकिडवं बसू द्या की.” स्टाफ नर्सला राग आला. नर्सबाईंनी मात्र मुलीला उठवलं, टेबलाला धरून उभं राहू दिलं, कळ आली की आजेसासूच्या गळ्याला लोंबकळू दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींतही बाईला सोसेल त्या स्थितीत राहू द्यावं असंच आहे. शेवटी अर्धवट बसलेल्या स्थितीत, 3 वाजून 40 मिनिटांनी मुलगी झाली. वजन 2.2 किलो. चिरा द्यावा लागला नाही.

लगेच ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन. वार दहा मिनिटांत पूर्ण पडली. मग पिशवी ढिली पडली. आधी संथ, मग वाहता रक्तस्राव. पोटावरून पिशवी चोळणं सुरू झालं, सलाईनमधून ऑक्सिटोसिन, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड 1 ग्रॅम शिरेतून. कॅथेटर घातला तेव्हा भरपूर लघवी निघाली; भरलेल्या मूत्राशयानं पिशवी आवळायला अडत होती. कपड्यांचं वजन करून काढलेला अंदाज 700 ते 800 मिली. धडधाकट बाईला तेवढं सोसलंही असतं, हिला नाही. पावणेपाचला 108 निघाली. नर्सबाई मागं बसून दोन हातांनी पिशवी दाबून धरून होत्या, गाडीतले डॉक्टर सलाईन आणि रक्तदाब पाहत होते. बाळ आजेसासूच्या छातीशी, लुगड्याच्या आत, अंगाला अंग लावून.

## निष्पत्ती

उपजिल्हा रुग्णालयात हिमोग्लोबिन 6.4 आलं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. सहाव्या दिवशी मायलेकी घरी आल्या. आशाताईंच्या 42 दिवसांपर्यंतच्या सहा गृहभेटी झाल्या. बाळ वजनानं कमी होतं, पण आईच्या दुधावर वाढलं. पाचवीला सटवाई पुजली ती दवाखान्यातच, पाळण्याशेजारी वही-पेन ठेवून. नर्सिंग स्टाफनं त्याकडं काणाडोळा केला, तेही बरंच झालं.

दवाखान्याच्या हिशेबात प्रकरण इथं यशस्वी ठरतं. पण ते इथं संपत नाही. जननी सुरक्षा योजनेच्या 700 रुपयांसाठी मुलीच्या नावचं खातं काढायचं होतं. त्यासाठी दिरानं घरातले मिळतील ते कागद आणले, त्यात शाळा सोडल्याचा दाखलाही होता. त्यावरच्या जन्मतारखेनुसार बाळंतपणाच्या दिवशी तिला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते. रुग्णालयानं पोलिसांना कळवलं. कायद्यानं त्यांच्यापुढं दुसरा मार्ग नव्हता; पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम 19 नुसार माहिती देणं बंधनकारक आहे, आणि पत्नी अठराच्या आतली असेल तर लग्नाचा बचाव चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2017 मध्ये स्पष्ट केलंय. नवऱ्याला फडातून बोलावून घेतलं. कोयता परत अर्धा झाला. खटल्याचं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही.

घरच्यांना वाटलं, नर्सबाईंनीच कळवलं. पाच वेळा बरोबर गेलेल्या आजेसासूनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुढच्या पावसाळ्यात त्या वस्तीवरच्या दोन गरोदर मुलींची नोंद सातव्या महिन्यात झाली, तीही आशाताई पाठ सोडेनात म्हणून. सासू हंगामाहून परतली ती अंथरुणाला खिळूनच, तिची तपासणी व्हायला आणखी दोन महिने गेले.

## वेगळं काय करता आलं असतं

वयाची गोष्ट आधी घेते, कारण वर्गात ती टाळली जाते. ऑक्टोबरमध्ये मुलगी बोलता बोलता “माझी दहावी राहिली” असं म्हणाली होती. नर्सबाईंना शंका आली, पण आधारवर 19 होतं आणि त्यांनी तेवढ्यावर भागवलं. चौकशी करणं नर्सचं काम नाही, हे खरं. पण शंका वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत न्यायला हवी होती. कायदा त्यांच्याकडून आणि नर्सबाईंकडूनही तेच मागतो. कळवलं असतं तर मुलगी संक्रांतीनंतर दवाखान्यात परत आलीच नसती, असं काही विद्यार्थिनी म्हणतात. तो धोका होताच. माझं मत असं की, कळवणं टळणार नव्हतं, ते कधी आणि कुणाकडून कळतं एवढंच हातात होतं. ऑक्टोबरमध्ये अधिकाऱ्यांनी घरच्यांना समोर बसवून, बालकल्याण समितीच्या मदतीनं, काय होईल आणि काय होणार नाही हे सांगितलं असतं, “काहीही झालं तरी तपासणी आणि बाळंतपण थांबणार नाही” हे शंभरदा सांगितलं असतं, तर निदान फसवणूक झाल्याची भावना राहिली नसती. आणि त्याही आधीची गोष्ट: ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. गावात मांडव पडतो तेव्हा कुणाला दिसत नाही असं होत नाही.

दुसरा मुद्दा राहण्याच्या जागेचा. मेळघाटासारख्या आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राला लागून माहेरघर असतं. बाई तारखेच्या आधी येऊन राहते. आमच्या डोंगरपट्ट्यात माहेराला कुलूप असलेल्या बायका कमी नाहीत. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात दोन खोल्या आणि सोबतच्या बाईला जेवण, एवढ्यावर त्या रात्रीचा सगळा पेच टळला असता. आयर्न सुक्रोजच्या पाच खेपाही.

गोळ्यांचं साधं आहे. मळमळते हे ठाऊक असताना “रोज एक घ्या” एवढंच सांगून पाठवलं. रात्री जेवल्यावर घे, चहाबरोबर घेऊ नको, हे दोन मिनिटांचं बोलणं राहून गेलं. फोनवर नवऱ्याऐवजी मुलीशीच बोलायचं, हा नियमही पहिल्या फोनपासून हवा होता.

तिकडच्या आरोग्य यंत्रणेला कळवणं हा सर्वांत मोठा राहिलेला दुवा. मुलीचा आरसीएच (माता-बाल आरोग्य नोंदणीचा) क्रमांक होता, तो राज्यभर चालतो. तळाचं गाव आणि कारखाना रजिस्टरात लिहिलेला होता. तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एक फोन गेला असता तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या दोन तपासण्या झाल्या असत्या आणि घट 7.3 पर्यंत पोचायच्या आत लक्षात आली असती. मुकादमाला फोन करायचं नर्सबाईंना सुचलं, आपल्याच खात्यातल्या परक्या जिल्ह्यातल्या माणसाला करायचं सुचलं नाही. यात त्यांचा दोष थोडा. त्यांच्याकडं तसा नंबरच नव्हता आणि तो कुणाकडून मिळवायचा, हेही कुणी सांगितलेलं नव्हतं.

प्रसाविकांसाठी केंद्र सरकारनं डिसेंबर 2018 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्या परिचारिकांना 18 महिन्यांचं प्रशिक्षण देऊन साध्या बाळंतपणाची पूर्ण जबाबदारी द्यायची आहे. चांगलं आहे. पण या प्रकरणात निर्णायक ठरलेल्या तीन गोष्टी, मुकादमाशी बोलणी, सुईणीशी जुळवून घेणं आणि 108 आधीच दारात आणून ठेवणं, यांतली शेवटची तेवढी कौशल्यांच्या यादीत बसते. पहिल्या दोन त्या नर्सबाईंना जमल्या त्या एकाच भागात पंधरा वर्षं राहिल्यामुळं. तीन वर्षांनी बदली होणाऱ्या बाईला मुकादमानं दारात उभं केलं नसतं.

त्या केंद्राच्या गरोदर मातांच्या रजिस्टरात आता हातानं आखलेले तीन रकाने आहेत: कारखाना आणि तळाचं गाव, मुकादमाचा फोन, बदली कोण जाणार. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी “सासू” लिहिलेलं असतं. त्या सासवांची तपासणी हंगामाआधी करायची, असं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी यंदा ठरवलंय.